घरजावयाचा गोल

माझं काम फक्त चार ओळी लिहून देण्याचं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर गावात माझी ओळख 'सासऱ्यांच्या घरात भांडण लावणारा मोठा जावई' अशी झाली, आणि हे सगळं फुटबॉलच्या नादाला लागून झालं, असंही बोललं गेलं. मी फुटबॉलच्या नादाला कधी लागलो नाही. लहानपणी एकदा फुटबॉलच माझ्या नादाला लागला होता. त्यात माझा चष्मा गेला आणि आमचे संबंध तिथेच संपले.

आमचं गाव नदीच्या अलीकडे आहे. पलीकडे दुसरं गाव आणि दुसरा देश. पलीकडच्यांच्या मते तेच अलीकडचे आहेत, पण त्याला इलाज नाही. मधे पूल, पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक चौकी, प्रत्येक चौकीत एक शिक्का आणि शिक्क्यामागे एक कंटाळलेला माणूस. दोन्हीकडे भाषा एकच, हवा एकच, आणि डास तर शिक्का न घेताच ये-जा करतात. वर्षातून दोन रविवारी या दोन गावांचा फुटबॉल सामना होतो, एकदा आमच्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. मधे सरहद्द असल्यामुळे तो आंतरराष्ट्रीय सामना ठरतो. स्पर्धा सुरू झाली तेव्हा कुणीतरी एका मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची नियमावली आणली आणि त्यात 'देश' शब्दाच्या जागी सगळीकडे 'काठ' घातला. त्यामुळे 'प्रत्येक काठाच्या राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूंनी च्युइंग गम चघळू नये' असा एक नियम आमच्याकडे आजही लागू आहे.

आमच्या क्लबचे अध्यक्ष म्हणजे माझे सासरे. त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात आम्ही एकही सामना जिंकलो नव्हतो. तरी दरवर्षी ते एकमताने निवडून येत, कारण हरलेल्या संघाच्या वतीने भाषण करायला दुसरं कुणी तयार नसे.

या वर्षी मात्र आम्ही जिंकलो. गोल केला डाव्याने.

डावा माझा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. डाव्या पायाने खेळतो म्हणून डावा. खरं नाव लग्नपत्रिकेत छापलं होतं, त्यानंतर ते कुणी वापरलेलं नाही. जन्माने पलीकडचा. फ्रिज दुरुस्त करतो. चार वर्षांपूर्वी लग्न झालं आणि तो पूल ओलांडून आमच्या सासऱ्यांच्या घरी राहायला आला. 'राहायला' हा माझा शब्द. सासरे म्हणत, "उतरलेत आमच्याकडे. घराचं काम सुरू व्हायचंय, तोवर." गावाबाहेर त्या घरासाठी एक मोकळा प्लॉट होता आणि त्यावर विटांचा एक ढीग होता. चार वर्षांत त्या ढिगावर शेवाळ चढलं होतं.

आमच्याकडे माणूस घरजावई असू शकतो, पण तसं म्हणायचं नसतं. सासऱ्याला वाटतं, आपण जावई विकत घेतला असं लोक म्हणतील. जावयाला वाटतं, आपण विकले गेलो असं लोक म्हणतील. लोक दोन्ही म्हणतात. म्हणून सगळे 'तात्पुरतं' या शब्दाच्या आडोशाला सुखाने राहतात. डाव्याने आपल्या आईलाही तेच सांगितलं होतं. आई नवऱ्यामागे एकटीने त्याला वाढवणारी, पलीकडच्या शाळेत शिवण शिकवणारी बाई. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. घर बांधून झालं की सांगायला ये." आता घर बांधून होत नव्हतं, त्यामुळे डाव्याला आईकडे जाता येत नव्हतं. तिच्या गच्चीवर वाळत घातलेली साडी आमच्या घाटावरून दिसते. डावा कधी कधी घाटावर उगाच उभा असे.

त्या रविवारी आई पहिल्यांदा पूल ओलांडून आली होती, पलीकडच्या प्रेक्षकांबरोबर. सामना संपायला आला तेव्हा डाव्याने गोल मारला. गोल मारल्यावर खेळाडू सहसा आपल्या सोबत्यांकडे धावतो. डावा उलट दिशेला धावला, दोरी ओलांडून पलीकडच्या प्रेक्षकांत घुसला, आईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आई, बघितलंस?"

आईने त्याच्या कानाखाली वाजवली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. तिथपर्यंत आवाज आला.

रेफ्री एरवी बसवर कंडक्टर असतो. तो धावत गेला, शिट्टी फुंकली आणि डाव्याला लाल कार्ड दाखवलं. मग क्षणभर विचार करून आईलाही दाखवलं.

सोमवारी पलीकडून तक्रार आली. तक्रार करणारे तिकडच्या शाळेचे मुख्याध्यापक, जे तिकडच्या क्लबचे सचिवही आहेत. मुद्दे दोन. पहिला पात्रतेचा: डावा जन्माने पलीकडचा. अलीकडून खेळायचं तर नियमाप्रमाणे तीन वर्षं 'कायमचं वास्तव्य' हवं, आणि ते त्याचं नाही. म्हणून गोल रद्द करावा, सामना पलीकडच्यांना द्यावा आणि डाव्याला दोन्ही काठांकडून तीन वर्षं बंदी घालावी. दुसरा शिस्तीचा: प्रतिस्पर्धी प्रेक्षकांना चिथावल्याबद्दल डाव्याला आणि खेळाडूवर हात उचलल्याबद्दल त्याच्या आईला पुढच्या सामन्यात मैदानात प्रवेश नको.

नियमावलीप्रमाणे तक्रार आली की शिक्षा लगेच लागू होते; ती उठवायची तर अपील करायचं. डावा एकतीस वर्षांचा आहे. तीन वर्षांची बंदी म्हणजे बूट भंगारवाल्याला देऊन टाकणं.

संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, तेवढं अपील लिहून द्या ना. चार ओळी तर लिहायच्यात."

"मीच का?"

"तुम्ही पेपरात आहात."

हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. मी पेपरात आहे म्हणजे पाचव्या पानाच्या तळाशी 'दुरुस्ती' नावाची जी चौकट असते, ती मी चालवतो. काल आम्ही जे चुकीचं छापलं, ते आज मी बरोबर करतो. जिवंत माणसाला कैलासवासी म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी त्याला परत आणणं माझ्याकडे. या कामामुळे गावात मी नि:पक्षपाती समजला जातो. माझ्या मते मी फक्त रोज माफी मागणारा माणूस आहे, पण लोकांना या दोन गोष्टींत फरक करता येत नाही.

चार ओळी लिहायला बसलो आणि तिसऱ्या ओळीवर अडलो. 'सदर खेळाडूचे अलीकडे कायमचे वास्तव्य आहे' असं लिहायचं, तर ते घरमालकाने सांगायला हवं. म्हणून सासऱ्यांकडे गेलो.

सासरवाडीत माझा मान मोठा. अठरा वर्षं झाली होती लग्नाला, पण मी आलो की सासूबाई तेव्हाही 'जावईबापू' म्हणत. काचेच्या कपाटातला निळ्या फुलांचा कप निघे, त्याखाली बशी, बशीच्या कडेला दोन बिस्किटं. सासरे स्वतःची खुर्ची सोडून मला देत. माझ्यावर कधी कुणी आवाज चढवला नव्हता. या गोष्टीचा मला मनातून अभिमान होता. त्याचं पुढे काय झालं, ते येईलच.

"बाबा, एवढंच लिहून द्या," मी म्हणालो, "की डावा इथे कायमचा राहतो."

सासऱ्यांनी चहाचा घोट गिळला. "कायमचा कुठे? उतरलेत ते."

"चार वर्षं?"

"विटा आणून ठेवल्यात ना. लोकांनी बघितल्यात विटा. आता मीच लिहून देऊ की कायमचे? म्हणजे मी चार वर्षं खोटं बोललो!"

"पण बोललातच ना."

"तुम्ही पेपरवाले," सासरे म्हणाले, "शब्दांत पकडता माणसाला."

तेवढ्यात आतून डाव्याची हाक आली, "बाबा, पाना कुठे ठेवलाय?" स्वयंपाकघरातला नळ सारखा गळतो आणि तो डाव्यालाच आवरतो. सासरे तिथूनच ओरडले, "अरे, डोळे आहेत का बटणं? मागच्या खिळ्याला लावलाय! आणि मोरीतला दिवा बंद कर, बिल काय तुझा काका भरणार?" मग माझ्याकडे वळून आवाज खाली आणून म्हणाले, "अजून एक बिस्कीट घ्या, जावईबापू."

डावा पाना घेऊन बाहेर आला, हात ओले. मला म्हणाला, "दादा, नसेल होत तर राहू द्या. आईला कळलं की मी 'कायमचा' म्हणून सही केली, तर ती उरलीसुरली ओळखही विसरेल."

थोडक्यात, डाव्याला वाचवणारा एकच शब्द होता आणि तो उच्चारायला घरात कुणी तयार नव्हतं.

यानंतर सल्ले सुरू झाले. आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. एका सामाईक भिंतीवरून त्यांनी अर्धं आयुष्य कोर्टात काढलं. भिंत पडली, खटला उभा आहे. ते म्हणाले, "अपील करूच नका. अपील म्हणजे आपण हरलो हे कबूल करणं. आपण त्यांच्या तक्रारीवर हरकत घ्यायची. मग ते आपल्या हरकतीवर हरकत घेतील. मग बघा मजा."

"आणि निकाल?"

"निकाल लागला की मजा संपते," काका म्हणाले.

न्हाव्याचा सल्ला वेगळा होता. कानाजवळ वस्तरा असताना मी तो पूर्ण ऐकला. "पलीकडच्यांचा गोलकीपर बघा, माझ्याकडे दाढीला येतो. म्हणजे वास्तव्य कुठलं? माणूस दाढी करतो तिथला. आपणच त्याच्यावर तक्रार ठोकू." मी मान हलवली नाही. तो त्याला होकार समजला, आणि दुसऱ्या दिवशी पलीकडे बातमी पोचली की अलीकडच्यांनी गोलकीपरच्या दाढीवर आक्षेप घेतला आहे. संतापून गोलकीपरने दाढी वाढवायला घेतली. आता न्हावी माझ्याशी बोलत नाही.

अपील पलीकडच्या क्लबच्या कचेरीत स्वतः नेऊन द्यावं लागतं. म्हणजे पूल ओलांडणं आलं. आमच्या चौकीतल्या कारकुनाने विचारलं, "जाण्याचं कारण? व्यापार, आजारपण की कौटुंबिक?"

"अपील."

"ते यात नाही."

"मग कौटुंबिक."

"नातं सांगा. आई, वडील, पत्नी, मुलं, भाऊ, बहीण."

"साडू."

त्याने कागद वर-खाली पाहिला. "साडू नाही यात."

"मेहुणीचा नवरा."

"मेहुणीपण नाही. मेहुणीच नसेल तर तिचा नवरा कुठून येणार?" कायद्याच्या दृष्टीने त्याचं चुकत नव्हतं. शेवटी त्याने माझी नोंद 'आजारपण' म्हणून केली. आजार काय, हे त्याने माझ्याकडे पाहून स्वतःच ठरवलं आणि मला सांगितलं नाही. पलीकडच्या चौकीने तो आजार वाचला आणि मला लांबूनच शिक्का मारला.

सुनावणी दंतवैद्यांच्या दवाखान्यात ठेवण्यात आली. त्यामागे कारण होतं. त्यांचा दवाखाना पुलावरच, दोन चौक्यांच्या मधे आहे, त्यामुळे दोन्ही काठांच्या दाढा शिक्क्याशिवाय तिथे जाऊ शकतात. शिवाय दोन्ही काठांचे लोक त्यांना सारखेच घाबरतात. अशा माणसाला तटस्थ म्हणतात. समितीत तिघं: दंतवैद्य अध्यक्ष, पलीकडून मुख्याध्यापक, अलीकडून सासरे. म्हणजे तक्रारदारही समितीत आणि बचावपक्षही समितीत. नियमावली करणाऱ्यांना यात काही गैर वाटलं नव्हतं. दोन चुका समोरासमोर बसवल्या की न्याय होतो, असा त्यांचा हिशेब असावा.

दवाखान्यात बसायला एक बाक होता. तो समितीने घेतला. बाकीचे उभे. साक्षीदारासाठी एकच जागा उरली, ती म्हणजे दवाखान्याची खुर्ची. तिच्यात बसलं की माणूस आपोआप आडवा होतो आणि वरचा दिवा डोळ्यांवर येतो. पहिला साक्षीदार रेफ्री. तो आडवा होताच दंतवैद्य सवयीने म्हणाले, "मोठा आ करा." त्याने केला. "उजवीकडची वरची दाढ गेलीय," दंतवैद्यांनी नोंद केली आणि मग विचारलं, "कार्ड का दाखवलंत?"

"डाव्याला दाखवलं, कारण तो दोरी ओलांडून गेला."

"आणि बाईंना?"

"खिशात हात होताच," रेफ्री म्हणाला.

मग मुख्याध्यापक उठले. वर्गात उठतात तसेच, आधी सगळे गप्प होईपर्यंत थांबले. "मी एकच पुरावा देणार आहे," ते म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. आमचंच वर्तमानपत्र. विजयानंतरच्या सत्कारातलं सासऱ्यांचं भाषण त्यात शब्दशः छापलं होतं. मुख्याध्यापकांनी वाचलं, "'आमच्याकडे उतरलेल्या पाहुण्यांनी आज गावाची लाज राखली.' पाहुणे! अध्यक्षांचा स्वतःचा शब्द आहे. पाहुण्याचं वास्तव्य कायमचं असतं का? का हो," ते माझ्याकडे वळले, "आपल्या वर्तमानपत्रात हे चुकीचं छापलं असेल, तर दुरुस्ती आली असती ना? दुरुस्ती आपणच बघता."

दुरुस्ती आली नव्हती. ते वाक्य मी वाचलं होतं आणि त्यात मला व्याकरणाची एकही चूक सापडली नव्हती. सगळे माझ्याकडे बघू लागले. सासरे छताकडे बघत होते. रेफ्रीनंतर डाव्याची पाळी आली होती; तो खुर्चीत आडवा, दिव्याखाली, डोळे मिटून. दाराशी त्याची आई उभी होती. तिला आरोपी म्हणून बोलावलं होतं; ती हातातली पिशवी आवळून मुलाकडे सोडून सगळीकडे बघत होती.

अशा वेळी काहीतरी बोलावं लागतं. मी म्हणालो, "सासूबाईंनी चहा आणलाय."

त्यांनी खरंच आणला होता. चार माणसं कुठेही जमली की सासूबाई थर्मास घेऊन पोचतात. त्यांनी पिशवीतून निळ्या फुलांचे कप काढले. पहिला दंतवैद्यांना, बशीसकट. दुसरा मुख्याध्यापकांना, बशीसकट. तिसरा मला, बशीसकट, कडेला दोन बिस्किटं. मग त्यांनी थर्मासच्या झाकणात उरलेला चहा ओतला आणि डाव्याच्या पुढे केला. "घे रे. आणि सांडू नकोस, मागच्या वेळी सोफ्यावर सांडलास."

दंतवैद्यांचा कप ओठापर्यंत गेला आणि थांबला. दातांतली फट शोधणारी नजर होती ती. त्यांनी आपल्या बशीकडे पाहिलं, मुख्याध्यापकांच्या बशीकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं.

"बाई," ते सासूबाईंना म्हणाले, "यांची बशी कुठंय?"

"कुणाची? ह्याची?" सासूबाई हसल्या. "ह्याला कशाला बशी? घरातलाच तर आहे."

चूळ भरायच्या भांड्यात नळाचं पाणी तेवढं ठिबकत होतं. डावा सवयीने त्या नळाकडे बघू लागला.

"हा तर्क झाला, पुरावा नाही," मुख्याध्यापक म्हणाले, पण आवाज खाली आला होता, कारण बशी त्यांच्याच हातात होती. "समोरच्या दुसऱ्या जावयांना बशी आहे. मग एका जावयाला आहे, एकाला नाही, याचा अर्थ काय?"

"अर्थ सरळ आहे," दंतवैद्य म्हणाले. "हे पाहुणे." आणि चमचा माझ्याकडे केला.

"मी?" मी म्हणालो. "मी अठरा वर्षं..."

"यांना घरात कधी कुणी ओरडलंय?" दंतवैद्यांनी सासूबाईंना विचारलं.

"अगंबाई! जावईबापूंना? शक्य तरी आहे का?"

"पाहुणे," दंतवैद्यांनी लिहून घेतलं. माझी इज्जत सरकारी कागदावर चढत असताना मी बिस्कीट खात होतो, कारण दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

मग ते सासऱ्यांकडे वळले. "आता तुम्ही सांगा. थोडं दुखेल. तो शब्द बाहेर काढा."

सासऱ्यांनी जबडा घट्ट धरला. दाढ काढताना धरतात तसाच. ते बोलणार नाहीत असं वाटत असतानाच डावा खुर्चीतून उठायला गेला. त्या खुर्चीतून स्वतःहून उठता येत नाही, म्हणून तो अर्धवट बसला आणि दाराकडे बघून म्हणाला, "आई, मी घरजावई आहे. घरबिर काही बांधत नाही. विटांवर शेवाळ आलंय. मला तिथे आवडतं."

एवढं सरळ डावा चार वर्षांत बोलला नव्हता.

आई दारातून आत आली. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "गच्चीवरून तो प्लॉट दिसतो. चार वर्षांत एक वीट हलली नाही. मी वाट बघत होते, तू तोंडाने कधी सांगतोस."

"म्हणून मारलंस?"

"गोल मारलास म्हणून नाही मारलं. चार वर्षांनी आईसमोर उभा राहिलास आणि काय विचारलंस? 'बघितलंस?' मी काय तुझा गोल बघायला आले होते?" मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आणि केस बघ किती वाढलेत. सरळ बस."

मुख्याध्यापकांना इथे आशा दिसली. "बघा, आईसुद्धा ओरडते आहे. म्हणजे तो अजून पलीकडचाच! बाई, तुम्ही एकदा सांगा, हा आपला आहे की नाही? तुमच्या शब्दावर सामना आपल्याला मिळतो."

सगळा दवाखाना तिच्याकडे बघत राहिला. आपला म्हणावं, तर मुलाच्या पायाला तीन वर्षं कुलूप. त्यांचा म्हणावं, तर अख्ख्या गावासमोर मुलगा दिला असं होणार.

"सर," ती म्हणाली, "मुलगा माझा आहे. खेळाडू कुणाचा, ते तुमचं तुम्ही बघा." आणि तिने डाव्याच्या हातातलं झाकण घेतलं, त्यातला उरलेला चहा पिऊन टाकला आणि सासूबाईंना म्हणाली, "साखर जास्त झालीय."

"हो ना, मलाही वाटलं," सासूबाई म्हणाल्या. चार वर्षांत दोन विहिणींचं हे पहिलं संभाषण.

सासऱ्यांच्या जबड्याची पकड तेव्हा सुटली. "घरजावई आहे," ते म्हणाले. "लिहा. आणि विटा कुणाला हव्या असतील तर घेऊन जा."

पात्रतेचा निकाल तिथेच लागला. गोल कायम. तीन वर्षांची बंदी रद्द. मुख्याध्यापकांनी विरोधी मत नोंदवलं, पण चहा संपवला.

उरला शिस्तीचा मुद्दा. यासाठी मी खरी तयारी केली होती. चिथावणी म्हणजे काय, आई ही प्रेक्षक या व्याख्येत बसते का, मार खाणारा चिथावणारा कसा ठरतो, असं पानंच्या पानं लिहून आणलं होतं. पाहुणा ठरलो तरी माणसाला बुद्धी असते, हे दाखवायची हीच वेळ होती. मी घसा साफ केला. तेवढ्यात डाव्याने माझी बाही ओढली.

"दादा, हे अपील मागे घेता येईल का?"

"का? हे तर आपण जिंकतोय!"

"म्हणूनच." तो कुजबुजला. "बंदी राहिली तर मला मैदानात जाता येणार नाही. आईलाही नाही. आईच्या गच्चीवरून त्यांचं मैदान स्वच्छ दिसतं."

मी कागद घडी करून खिशात ठेवले. ते अजून तिथेच आहेत. त्यातला तिसरा परिच्छेद, माझ्या मते, फार चांगला उतरला होता.

दुसऱ्या दिवशी पाचव्या पानावर माझ्या चौकटीत छापून आलं: 'रविवारच्या सामन्याच्या वृत्तात क्लबच्या अध्यक्षांच्या भाषणात "उतरलेले पाहुणे" असे शब्द प्रसिद्ध झाले. त्या जागी "आमचे घरजावई" असे वाचावे, ही अध्यक्षांची विनंती आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' चूक आमची नव्हती. पण माफी मागायची सवय असलेल्या माणसाने ती आणखी एकदा मागितली, तर कुणाचं बिघडत नाही.

परतीचा सामना त्या रविवारी पलीकडे झाला. डावा नसल्यामुळे आम्ही तीन गोलांनी हरलो, आणि सासऱ्यांनी पराभवानंतरचं भाषण नेहमीच्या सराईतपणे केलं. ऐकणारे सांगतात की भाषणाच्या मधेच ते थांबले आणि समोरच्या एका गच्चीकडे बघून त्यांनी हात केला. गच्चीवर दोघं बसली होती. एक बाई आणि तिच्यासमोर खाली मान घालून एक मोठा माणूस. ती त्याचे केस कापत होती.

मी सामन्याला गेलो नव्हतो. मी सासरवाडीला होतो, कारण सासूबाईंचा निरोप आला होता. जाऊन बसलो. खुर्ची कुणी सोडली नाही, कारण खुर्चीत धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता. स्टूल ओढून घेतलं. चहा आला. स्टीलच्या पेल्यात, कडेला पोचा असलेल्या. बशी नव्हती. बिस्कीट नव्हतं. मी आजूबाजूला पाहिलं. निळ्या फुलांचे कप काचेमागे जागच्या जागी होते.

"अरे," सासूबाई म्हणाल्या, "डावा आईकडे गेलाय. तेवढा नळ बघतोस का?"

अठरा वर्षांत त्यांनी मला 'अरे' म्हटलं नव्हतं. मी पाना मागच्या खिळ्यावरून काढला. नळाचं मला फुटबॉलइतकंच कळतं. पहिल्याच पिळाला नळाचं तोंड हातात आलं, आणि पाण्याचा फवारा थेट माझ्या चष्म्यावर आला, मग भिंतीवर, मग कपड्यांच्या ढिगावर. नेमके तेव्हाच सासरे सामन्याहून हरून परतले. दारातच उभे राहून त्यांनी सगळं पाहिलं.

"डोळे आहेत का बटणं?" ते ओरडले. "आधी मेन बंद करायचा असतो, एवढंही कळत नाही? वर्तमानपत्रात काय करतोस दिवसभर?"

मी मेन बंद केला. पुसायला फडकं घेतलं आणि खाली बसलो. निर्णयाविरुद्ध मी अपील केलं नाही.